अर्ध्या ताटावरून

थोआबाईने बर्फाच्या पिशवीवर मोगरी उगारली, आणि ज्यांनी अख्खी नोकरी आवाज न चढवता केली होती ते खिएम मास्तर एकदम ओरडले.

"थांब! मारू नकोस! हात खाली घे... हळू, हळू!"

मोगरी हवेतच राहिली. गल्लीच्या तोंडाशी बुटक्या स्टुलांवर कॉफी पीत बसलेल्या गिऱ्हाइकांनी माना वळवल्या.

"का हो मास्तर, बर्फाला लागतं की काय तुमच्या गावात?" थोआबाईने विचारलं.

मास्तर उकिडवे बसले. जमिनीत रुतलेला तो थाळीएवढा लोखंडी ठोकळा गल्लीतल्या सगळ्यांच्या ओळखीचा होता. थोआबाई त्यावर रोज बर्फ फोडायची. तिच्या आधी तिची सासू फोडायची. फोडून फोडून त्याला अशी चकाकी आली होती, की घाईत असलेले तरुण त्यात बघून भांग नीट करत. नुकतंच नळाच्या पाइपासाठी गल्ली खणली होती. खणणाऱ्यांनी माती जशी बुजवायची पद्धत आहे तशी बुजवली, म्हणजे पहिल्याच पावसात ती खचली आणि ठोकळ्याची वीतभर बाजू उघडी पडली. काठाच्या जरा खाली, त्या गंजक्या अंगावर तांब्याचा एक पट्टा होता.

"तोफगोळा आहे हा," मास्तर म्हणाले. "उलटा पुरलाय. टोक खाली."

मग कोपऱ्यातला एक रिक्षावाला म्हणाला, "क्वांग त्रिच्या माणसाला फणसातसुद्धा बॉम्ब दिसतो!" आणि सगळी स्टुलं हसली.

यात खोटं फारसं नव्हतं. लढाईत सगळ्यात जास्त बॉम्ब पडले ते क्वांग त्रिवरच. क्वांग त्रिला, मास्तरांच्या वर्गात एका भिंतीवर फळांचा तक्ता असे आणि समोरच्या भिंतीवर न फुटलेल्या दारूगोळ्याचा. पोरं दुसरा तक्ता आधी पाठ करत, कारण फळ ओळखायला चुकलं तर फार तर पोट दुखतं. तांब्याचा पट्टा दिसला की आल्या पावली मागे फिरा, हे तर पोरं पाढ्याच्या चालीवर म्हणत. मास्तरांचा मधला भाऊ फुओक याच्या वेळी तक्ता छापलेला नव्हता. तो रताळी खणायला गेला, आणि त्याची टोपी तेवढी घरी आली.

मास्तर परवाच साइगॉनला आले होते. थोरल्या बहिणीच्या, दिएपताईच्या, नवऱ्याचं श्राद्ध आज होतं. आल्यापासून या शहराने त्यांना पुरतं नमवलं होतं. समोरच्या फुटपाथवर वर्तमानपत्र मिळतं म्हणून ते दोन्ही सकाळी रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले, आणि मोटरसायकलींचा पूर ओसरण्याची वाट बघून, पाय दुखायला लागल्यावर परत आले. "दुकान बंद होतं," असं त्यांनी घरी सांगितलं. ताई म्हणाली होती, "बंद नव्हतं, पलीकडे होतं. अरे, म्हैस पाण्यात उतरते तसं उतरायचं. थांबायचं नाही, पळायचं नाही. ते बघून घेतात." मास्तरांना म्हशीएवढा आत्मविश्वास नव्हता.

पण आता ते थोआबाईच्या मोगरीवर हात ठेवून उभे होते आणि तो हात निघत नव्हता.

एवढ्यात गल्लीचे प्रमुख क्वोईदादा आले. सरकारी कामाला साजेसा सदरा आणि घरच्या झोपेला साजेसा पायजमा, अशा वेषात ते नेहमीच असत.

"कोणी घाबरायचं नाही. मी आलोय," ते म्हणाले, आणि घरातून लाल प्लास्टिकची बादली आणून त्यांनी तोफगोळ्यावर पालथी घातली. गोळा दिसेनासा झाल्यामुळे बऱ्याच जणांना सुरक्षित वाटलं. मग वाऱ्याने बादली उडू नये म्हणून त्यांनी एक वीट उचलली.

"अहो, वीट कुठे ठेवताय!" मास्तर दुसऱ्यांदा ओरडले.

"मग बादली उडेल त्याचं काय? बादली घरची आहे."

वीट मात्र त्यांनी खाली ठेवली. फोन लावला. फोनवर पलीकडून काय विचारलं ते कळलं नाही, पण "तांब्याचा पट्टा" हे शब्द क्वोईदादांनी तिसऱ्यांदा सांगितले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा सरकारी रंग उतरला. थोड्या वेळाने विजेच्या खांबावरचा कर्णा खरखरला. आधी डासांची पैदास कशी रोखावी ते सांगून झालं, ती टेप मध्येच थांबवता येत नसे. मग एक बाई त्याच सुरात म्हणाली, की गल्लीतल्या सर्व नागरिकांनी ताबडतोब मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत जावं.

आता स्टुलं हसेनाशी झाली. कोणी म्हातारीला पाठुंगळी घेतलं, कोणी कोंबडा, कोणी टीव्ही. थोआबाई मात्र गल्ला बंद करता करता पुटपुटत होती, "इतकी वर्षं आम्ही हाणतोय, फुटायचा असता तर फुटला नसता का?" पण हे म्हणताना ती ठोकळ्याला पाठ करायला तयार नव्हती.

दिएपताईचं घर गल्लीतलं पहिलंच. बादलीपासून हात लांब केला तर भिंतीला लागेल, इतकं जवळ. मास्तर धावत आत गेले.

ताई देवळीसमोर उभी होती. वर तुओंग भाऊजींचा फोटो. पुढे नारळपाण्यात शिजवलेलं डुकराचं मटण आणि अंडी, भरल्या कारल्याचं सार, भात, माशाच्या सॉसची वाटी, बिअरचा डबा. तीन उदबत्त्या नुकत्याच लावलेल्या.

"ताई, चल. बाहेर तोफगोळा आहे."

सबंध गल्लीत ती एकटीच हसली नाही. "तांब्याचा पट्टा?"

"हो."

"टोक खाली?"

"हो."

"आणि मी रोज त्याच्यावर पाय देऊन बाजाराला जाते," ती म्हणाली, आणि वाडग्यावरच्या जेवायच्या काड्या सरळ केल्या. "ह्यांनीच पुरलाय तो. लढाई संपल्यावर घर बांधलं तेव्हा ढिगाऱ्यात सापडला. म्हणाले, चांगलं लोखंड आहे, हातगाड्यांपासून भिंतीचा कोपरा वाचेल. गॅरेजवाला माणूस. लोखंड दिसलं की घरात आणायचंच."

"बरं, आणलं. आता चल."

"उदबत्ती जळून होऊ दे. ती जळतेय तोवर जेवताहेत ते."

"ताई! फुओक आठवतो ना?"

"आठवतो. म्हणून तर तू आधी जा."

मास्तरांनी तिचा दंड धरला. तिने तो शांतपणे सोडवला.

"त्या साथीच्या वर्षी," ती फोटोकडे बघत म्हणाली, "ह्यांना दवाखान्यात न्यायला पांढरे कपडे घातलेली माणसं आली. हे पेज खात होते. मी म्हटलं, वाडगं संपू दे. ते म्हणाले, मावशी, गाडी थांबणार नाही. मीच म्हटलं, अहो, जा, उद्या येऊन खा. मग एक शिपाई आला. हातात ह्यांच्या राखेची बरणी. त्याने सलाम केला आणि मला सही करायला लावली." तिने सॉसची वाटी फोटोच्या जरा जवळ सरकवली. "अर्ध्या ताटावरून मी उठवलंय त्यांना. एकदा. आता कोणीही येवो, कितीही घाई असो."

बाहेर कर्णा पुन्हा डासांवर आला.

"मग ताट घेऊन जाऊ," ते म्हणाले. "शाळेत मांडू."

"आणि ते कसे येणार? जिवंतपणी तुला रस्ता ओलांडता येत नाही, मेलेल्या माणसाकडून काय अपेक्षा करतोस?"

दारात एक तरुण लष्करी अधिकारी आला. मागे दोघे शिपाई, खांद्यावर वाळूची पोती. "आजी, बाहेर पडा. आम्ही माती उकरायला सुरुवात केलीय. तुम्ही आत असताना पुढे जाता येत नाही, आणि आता थांबताही येत नाही."

"जेवण चाललंय," ताई म्हणाली.

अधिकाऱ्याने खोलीत जेवणारं कोणी आहे का ते बघितलं. मग त्याची नजर उदबत्त्यांवर गेली आणि त्याने टोपी काढली. त्याच्याही घरी आजी असणार. "आजी, विचारून तरी बघा त्यांना," तो खालच्या आवाजात म्हणाला.

हे मात्र तिला पटलं. तिने खणातून बशी आणि दोन जुनी नाणी काढली. नाण्यांच्या एका बाजूला चुना लावलेला. एक पांढरं, एक काळं पडलं, तर पितर हो म्हणाले. दोन्ही काळी, म्हणजे नाही. दोन्ही पांढरी, म्हणजे हसताहेत, आणि हसण्याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

"अहो, झालं का जेवण?" तिने विचारलं आणि नाणी बशीत टाकली.

दोन्ही काळी.

"बघ," ती म्हणाली.

बाहेर फावड्याचा आवाज थांबला. कोणीतरी हळूच म्हणालं, "हलतोय." अधिकारी दारातून नाहीसा झाला. मास्तरांना वाटलं, बहिणीला उचलून न्यावं. पण ती त्यांना लहानपणी उचलून फिरलेली, त्यांना तो अधिकार नव्हता.

"अहो, लोक खोळंबलेत. झालं का?"

दोन्ही पांढरी.

"हसायला काय झालं!" ताई फोटोवर डाफरली. मग लगेच आवाज खाली आणला. जेवताना माणसाला बोलू नये. "तिसऱ्यांदा विचारते. नाही म्हणालात तर नव्या उदबत्त्या लावीन आणि बसेन."

तिसऱ्या वेळी तिने नाणी जरा जोरातच टाकली. एक नाणं बशीत पडलं, काळं. दुसरं काठावरून उडालं, फरशीवर घरंगळलं आणि मास्तरांच्या पायाशी येऊन आडवं झालं.

तेही काळं.

मास्तरांनी जन्मात शाळेच्या हजेरीतसुद्धा खोटं केलं नव्हतं. ते वाकले, तळवा नाण्यावर ठेवला, आणि हात उचलला तेव्हा नाणं पांढरं होतं.

"एक काळं, एक पांढरं," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

ताईने नाण्याकडे बघितलं. फोटोकडे बघितलं. मग फोटोला हात जोडले, एक उदबत्ती भांड्यातल्या वाळूतून उपसून हातात धरली आणि म्हणाली, "चला मग. माझ्या मागून या."

हे कोणाला उद्देशून होतं, ते मास्तरांनी विचारलं नाही.

बाहेर तीन शिपाई मातीत पालथे पडून नखाने खरवडावं तसं उकरत होते. लाल बादली तेवढी क्वोईदादांनी सोबत नेली होती. ताई त्यांच्याजवळून गेली, न थांबता, न पळता. मोठ्या रस्त्याचा निम्मा भाग पोलिसांनी अडवला होता, उरलेल्या निम्म्यात दुप्पट मोटरसायकली होत्या. ताई उदबत्ती पुढे धरून सरळ उतरली. पूर दोन्ही बाजूंनी फाटला, हॉर्न वाजले, कोणी शिव्या दिल्या, उदबत्ती दिसल्यावर कोणी शिवी गिळली. शाळेच्या फाटकाशी पोचल्यावर मास्तरांच्या ध्यानात आलं, की आपणही ओलांडलंय.

पटांगणात सगळी गल्ली उभी होती. बोलत कोणी नव्हतं. टीव्हीवाल्याने टीव्ही खाली ठेवला नव्हता. साइगॉनच्या लोकांना गप्प उभं राहायची सवय नाही. त्यांना आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. ताईच्या उदबत्तीची राख लांबत गेली, वाकली, पण पडेना. मास्तर तिच्याकडेच बघत राहिले. राख पडली की काहीतरी होईल, असं उगाच त्यांच्या मनाने घेतलं होतं.

राख पडली. काही झालं नाही. मग गल्लीतून वाळू भरलेला ट्रक अगदी सावकाश बाहेर पडला, आणि मागोमाग तो तरुण अधिकारी चालत आला. शर्ट भिजून अंगाला चिकटलेला.

"जिवंत होता," तो म्हणाला. "टोकाची कळ शाबूत आहे. वर बर्फ कोण फोडायचं?"

थोआबाईने वर्गात करतात तसा हात वर केला. मग ती जिथे होती तिथेच मातीत बसली. क्वोईदादांनी तिला वारा घालायला दुसरं काही न मिळाल्याने बादली घेतली.

घरी आले तेव्हा उदबत्त्या बुडापर्यंत जळल्या होत्या. सार गार झालं होतं. ताईने शेगडी पेटवली, सगळं पुन्हा ऊन केलं, नवा भात वाढला, वाडग्यावर काड्या ठेवल्या.

"पुन्हा?" मास्तरांनी विचारलं.

"डाव्या हाताने फिरवलंस नाणं," ती पाठमोरीच म्हणाली.

मास्तर कानापर्यंत लाल झाले. "दिसलं तुला?"

"ह्यांच्या फोटोच्या काचेत."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर बसावं लागलं असतं." तिने शेगडी विझवली. "आणि एकटीने उठवायचं धाडस दुसऱ्यांदा होईना. कोणीतरी दुसऱ्याने केलं ते बरं झालं. आता उदबत्ती लाव, आणि काय केलंस ते तूच सांग त्यांना. मी सांगायला गेले तर तोफगोळ्यावरून भांडण होईल."

मास्तरांनी उदबत्त्या लावल्या, आणि गृहपाठ न केलेल्या पोरासारखं मान खाली घालून सगळं सांगितलं. उदबत्त्या जळून होईपर्यंत दोघं बसून राहिली. या वेळी कोणी घाई केली नाही. मग ताईने नाणी त्यांच्या हातात दिली.

ती बशीत पडली. दोन्ही पांढरी.

"हसताहेत," ताई म्हणाली. तिने बिअरचा डबा फोडला आणि अर्धा मास्तरांच्या पेल्यात ओतला.

मास्तरांनी पहिला घास उचलला, तोच बाहेर धाडकन आवाज झाला. त्यांच्या हातातल्या काड्या जमिनीवर पडल्या.

"थोआ आहे. ठोकळा गेला ना, आमच्या उंबऱ्यावर बर्फ फोडतेय," ताई म्हणाली. "उंबरा ह्यांनी नाही, मी बसवलाय. जेव."