मधली खुर्ची

जरा वाका आणि तुम्हीही या टेबलाखाली या. डोकं सांभाळा, कड टोकदार आहे. टकळी इथे मांडी घालून बसली आहे आणि तिच्यापुढे एक जाडजूड नवं पुस्तक उघडं आहे. एक पान उलटा. आता पुढचं. दिसलं? इथून अक्षरं डोक्यावर उभी आहेत. काही पानं तशीच, आणि मग पुन्हा सगळं सुलट.

टकळी हे काही तिचं खरं नाव नव्हे. तोंड मिटत नाही म्हणून आत्यानं ठेवलेलं. पण आत्ता ती गप्प होती, कारण हे पुस्तक आईनं बांधलं होतं.

आईचं कामच ते. छापखान्यातून मोठाले कागद यायचे. आई त्यांच्या घड्या घालून फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे, करायची, फर्म्यावर फर्मा ठेवून सुईदोऱ्यानं शिवायची, पाठीला सरस लावून वर पुठ्ठा चढवायची. बोलता बोलता, खिडकीबाहेर बघत, तिचे हात बरोबर चालायचे. तिच्या हातून फर्मा उलटा लागणं म्हणजे तुम्ही शाळेतून निघून दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरण्यासारखं होतं.

"आई, हे उलटं लागलंय."

टेबलाशी बसलेली आई सावकाश खाली वाकली. तिनं पान पाहिलं, पण चुकीकडे माणूस जसं पाहतं तसं नाही. रस्त्यावरच्या दगडाकडे पाहावं तसं.

"कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली.

"मग उसवून परत शिवायचं?"

"शिवू कधीतरी."

"आई, तुला बरं नाही वाटत का अजून?"

आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. हात गार होता.

"कुणाला सांगणार नाहीस ना? शपथ?"

"शपथ," टकळी म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं, घाई झाली.

आई आजारी होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ताप नाही, खोकला नाही, तरी ती दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, मन आजारी पडलंय, पाय मोडल्यावर जसे उपचार करतो तसेच याचेही करायचे, गोळ्या चुकवायच्या नाहीत. मग आपलं घर बंद करून आत्या आली.

आत्या वाईट होती असं समजू नका. तिनं आल्या आल्या पदर खोचला, आईला न्हाऊ घातलं, भरवलं. काका, म्हणजे आत्याचे यजमान, गेले तेव्हा आत्या स्वतःच अंधारात बसून राहायची, आणि रोज देवाशी बोलून बोलून त्यातून उठली होती. ज्यानं आपण वाचलो तेच तिनं भावजयीसाठी आणलं. रोज संध्याकाळी चार खुर्च्या मांडल्या जायच्या. मधल्या खुर्चीवर आई. भोवती आत्या, बाबा आणि टकळी. डोळे मिटायचे आणि एकेकानं मोठ्यानं आईसाठी मागायचं. आईसाठीच मागायचं असल्यामुळे आईचा नंबर नसायचा.

बाबा बसचे कंडक्टर. ते स्टॉपचं नाव पुकारावं तसं एका दमात "हिला बरं कर" म्हणून मोकळे व्हायचे. टकळीची प्रार्थना मात्र लांबत जाई. आईवरून सुरू होऊन ती शाळेच्या बुटांपर्यंत पोचली की आत्या एक डोळा उघडायची.

"देव काय दुकानात बसलाय का गं?"

सुरुवातीला आईला ते खरंच आवडलं होतं. आपलं नाव तीन माणसं इतक्या मायेनं घेतायत, हे ऐकता ऐकता ती एकदा खुर्चीतच झोपून गेली होती. फार दिवसांनी लागलेली झोप होती ती. पण प्रार्थना संपली की आत्या विचारायची, "आज बरं वाटतंय ना?" आणि एका संध्याकाळी आई म्हणाली, "हो." आत्या तिच्या गळ्यात पडून रडली. बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. त्या दिवसापासून आई रोज "हो" म्हणू लागली, आणि पुन्हा टेबलाशी बसून पुस्तकं बांधू लागली. तिघांचे असे उजळलेले चेहरे समोर असताना "नाही" कुठल्या तोंडानं म्हणायचं?

त्या संध्याकाळीही खुर्च्या मांडल्या गेल्या.

"ताई," बाबा बसता बसता म्हणाले, "उद्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलंय हिला. न्यायचं, की राहू दे? आता बरीच दिसतेय."

"मला काय विचारतोस? तिला विचार की."

"राहू दे," आई म्हणाली. "कशाला उगाच तुमची रजा घालवायची?"

"तुझ्या वन्संनी बरं केलं बघ तुला," असं म्हणून बाबा मोकळं हसले.

"मी कोण करणारी? वरच्यानं केलं," आत्या म्हणाली. "चला, मिटा डोळे."

टकळीनं डोळे मिटले नाहीत. आईचे हात मांडीवर होते. दोन बोटं एकमेकांवर घासत होती, दोरा ओवताना घासतात तशी, आणि बोटांत दोरा नव्हता. उद्या कुणी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेणार नाही. परवाही नाही. सांगावं तर शपथ घातलेली.

आत्याचं झालं. बाबांचं झालं.

"देवा," टकळी म्हणाली, "आज माझं काही नाही. माझा नंबर आईला दे."

आत्यानं एक डोळा उघडला. "अगं, आईसाठीच तर चाललंय हे."

"मग काय मागायचं ते तिलाच जास्त माहीत असेल ना?"

"वकील व्हायची ही," बाबा म्हणाले. "बोल गं तू. लेकीचं मन मोडू नकोस. आभार मान नुसते."

आईचं तोंड उघडलं आणि मिटलं. खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं.

"देवा," शेवटी ती म्हणाली. आवाज तिचा होता, पण फार दिवस न वापरलेला. "हे सगळे म्हणतात मी बरी झाले. मी नाही झाले."

बाबांचे डोळे उघडले.

"गोळ्या मी घेत नाही. ड्रॉवरमध्ये तशाच आहेत. बरी झाले म्हटल्यावर घ्यायच्या कशा? वन्सं इतकं करतात, हे इतके हसतात. मला ते मोडवेना. तू ऐकतोस की नाही, ठाऊक नाही मला. ही तिघं बसतात तेवढा वेळ बरं वाटतं. मग उठतात, आणि मला वाटतं, उद्याची सकाळ झालीच नाही तर..."

"अगं, असलं अभद्र देवापुढे—" आत्या पुढे झुकली.

टकळी खुर्चीवरून उतरली, आत्याजवळ गेली आणि आपला तळहात तिनं आत्याच्या तोंडावर ठेवला. हलकेच, पण काढला नाही. आणि प्रार्थना अजून चालू होती म्हणून, तशीच उभी राहून, तिनं डोळे मिटून घेतले.