साडेमाडेनंतर

विनीताला गप्प बसवणं आजवर कुणाला जमलं नव्हतं. नवऱ्याची कोलकात्याला बदली झाल्यापासून दिवसभर तिचं मराठी ऐकायला हक्काचा एकच माणूस उरला होता, तिचा केयूर. तो दोन वर्षांचा होऊन गेला तरी एक शब्द बोलत नव्हता. नुसतं बोट दाखवलं की पाणी हजर, मान वळवली की बिस्कीट. त्याच्या वतीनं सगळं आईच बोलून टाकायची.

"घरात मराठी, खाली हिंदी, कामाच्या मावशींची बंगाली. पोराचा गोंधळ उडतोय," नवरा गुरुदत्त गार्डन रीचच्या ऑफिसातून आला की म्हणायचा. "आपण मराठी बंद करू."

बेहालातल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी मात्र ते साफ खोडून काढलं. कान तपासून झालेत, ते ठणठणीत आहेत. ज्या भाषेत लाड करता त्याच भाषेत खेळा. आणि खेळता खेळता थांबा, त्याची पाळी त्याला द्या.

थांबायचं, हेच तर विनीताला येत नव्हतं. तिनं उशीचा उतार केला, वर लाल मोटार धरली. "एक, दोन, साडेमाडे..." केयूर टक लावून बघत राहिला, आणि हिनंच "तीन" म्हणून मोटार सोडली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिला स्वतःचा भयंकर राग आला. मराठी सोडायची नाही आणि त्याची पाळीही खायची नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं. मग रोज ती ओठ घट्ट मिटून बसू लागली. केयूर तिचा हात ओढायचा, रडायचा. तरी ती आदल्या दिवसापेक्षा थोडी जास्तच थांबायची.

रविवारी गुरुदत्त शेजारी बसला होता. "एक, दोन, साडेमाडे..." केयूरनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"अगं, सांगून टाक ना त्याला," गुरुदत्त कळवळून म्हणाला. विनीतानं मोकळा हात सरळ नवऱ्याच्या तोंडावर ठेवला.

"ती," केयूर म्हणाला.

तिनं त्याच क्षणी मोटार सोडली. ती घरंगळत खुर्चीच्या पायावर आपटली. विनीताचे डोळे भरून आले, पण तिनं पोराला उचलून घेतलं नाही. खेळ अजून चालू होता.

केयूर मोटार घेऊन आला आणि या वेळी त्यानं ती बाबांच्या हातात दिली. गुरुदत्तनं मोटार उशीवर धरली.

"एक, दोन, साडेमाडे..." तो म्हणाला, आणि थांबला.