पंधरा खिडक्यांचं कडं

गोठ्यासमोरच्या चिखलात घसरून बाबांचा गुडघा मोडला, म्हणून थोरली लेक रजा काढून घरी आली. चौदा गाई, सहा वासरं आणि पलंगावरून हुकूम सोडणारे बाबा, सगळंच तिच्या गळ्यात पडलं.

आठवडाभरात तिच्या लक्षात आलं, की गाई गवत खातात कमी आणि त्यावर लोळतात जास्त. छातीइतका उंच गोल गठ्ठा ट्रॅक्टरने आणून मोकळा सोडला, की तिसऱ्या दिवशी निम्मा शेणामुतात गेलेला असायचा. त्यात मास्तरीण नावाची धिप्पाड गाय गठ्ठ्याला चिकटून उभी राहायची आणि नुसती मान फिरवून बाकीच्यांना पळवून लावायची. एका डोळ्याने आंधळ्या म्हाताऱ्या गाईच्या तर बरगड्या मोजता येत होत्या. हिवाळा सरायला अजून तीन महिने होते.

थोरलीने वहीत चित्र काढलं आणि वेल्डरचं दुकान गाठलं. गठ्ठ्याभोवती बसेल असं लोखंडी कडं, त्याला डोकं घालण्यापुरत्या पंधरा खिडक्या.

"तीन तुकड्यांत करा," ती म्हणाली. "मला एकटीला हलवता आलं पाहिजे. जोडायला खिळी ठेवा, ओढली की सुटेल अशी."

बाबांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "तीस वर्षं गाई पाळतोय मी. त्यांना पिंजऱ्यात जेवायला घालणारी तूच पहिली!"

"पिंजरा गवताला आहे, बाबा. गाई बाहेरच राहणार."

तिने उंचवट्यावरची कोरडी जागा निवडली, गठ्ठ्यावरची जाळी कापून काढली आणि कडं बसवलं. पहिला दिवस गाई लांबूनच फुरफुरत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मास्तरणीने डोकं आत घातलं आणि मग सगळ्यांनीच रांग धरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी घात झाला. एक वासरू खालच्या फटीतून आत शिरलं आणि गठ्ठा व लोखंड यांच्यामध्ये अडकलं. त्याची आई हंबरत कड्यावर धडका देऊ लागली. बाबा कुबड्या सावरत दारात आले. "मरेल ते! तरी सांगत होतो! करवत आण, काप ते कडं!"

थोरलीने गाईला बाजूला रेटलं आणि खिळी धरून जोरात ओढली. हलेना. तिने दगडाने खालून दोन ठोके घातले. खिळी उडाली, तुकडा दारासारखा उघडला आणि वासरू धडपडत थेट आईच्या पोटाखाली गेलं.

तिला वाटलं, आता कड्याचं संपलं. पण दुपारी ती तिन्ही तुकडे ट्रॉलीत घालून पुन्हा वेल्डरकडे गेली. खालून गुडघाभर उंच पत्रा मारून घेतला. आता वासरू शिरणार नव्हतं आणि गवतही बाहेर सांडणार नव्हतं.

नवा गठ्ठा लागला. तिसरा दिवस गेला, चौथा गेला. पाचव्या दिवशीही गाई निवांत खात होत्या. सहाव्या दिवशी गठ्ठा संपला, तेव्हा थोरलीने सभोवार सांडलेलं गवत गोळा केलं. जेमतेम एक टोपली भरली! एरवी गाडीभर निघायचं. तिने ती टोपली उचलून बाबांच्या पुढ्यात ठेवली.

"एवढंच?" बाबांनी मूठभर गवत हातात घेऊन पाहिलं.

"एवढंच."

महिन्याभराने शेजारी बघायला आला. गाई चौदा आणि खिडक्या पंधरा, त्यामुळे मास्तरणीला स्वतःची सोडून दुसरी खिडकी अडवता येत नव्हती. म्हातारी पलीकडच्या खिडकीत डोळे मिटून रवंथ करत होती. तिच्या बरगड्या झाकल्या गेल्या होत्या.

"डोकं कुणाचं हे?" शेजाऱ्याने विचारलं.

"माझ्या लेकीचं," बाबा छाती काढून म्हणाले. "मी तर कापून टाक म्हणत होतो. माझं ऐकलं असतं, तर आज पुन्हा चिखलात बसलो असतो."

थोरली ट्रॅक्टरवर होती. तिने ऐकलं, आणि इतकी खूश झाली की पुढचा गठ्ठा ठेवताना हॉर्नच वाजवला.