माझ्या आंधळ्या ओळी

मी एक्स-रे यंत्रातलं पॅनेल बोलतोय. म्हणजे ती चपटी काळी पाटी, जिच्यावर तुम्ही दुखरा हात ठेवता. हळूच बोलतोय, कारण मी जन्माचा भित्रा. पोटात काच असल्यावर दुसरं काय होणार! त्या काचेवर लाखो इवलेसे ट्रान्झिस्टर ओळीनं बसवलेत. एक्स-रे माणसातून पार झाला की प्रत्येकजण आपल्यापुरतं टिपतो आणि संगणकावर चित्र उमटतं.

झाशीत खंडेराव गेटजवळच्या दवाखान्यात आलो, तेव्हा तंत्रज्ञ विद्याधरजींनी मला तान्ह्या बाळासारखं उचललं. त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा चुकायची नाही. आजोबांनी तलवार पुजली, वडिलांनी टाइपरायटर, यांनी गेल्या वर्षी मला. हळदीकुंकवापर्यंत ठीक होतं. मग माझ्या शेजारीच नारळ फोडला. मी गर्भगळीत! पाणी वायरीच्या फटीतून आत झिरपलं आणि माझ्या काही ओळी कायमच्या आंधळ्या झाल्या.

कुणाला पत्ताच नाही. संगणक त्या जागी शेजारच्या ओळींवरून अंदाजानं चित्र भरतो. मी जे पाहिलंच नाही, ते पाहिलं म्हणून दाखवतो. तेव्हापासून प्रत्येक रोग्याला पाहून माझी छाती धडधडते.

आज जवळच्या बबिना लष्करी छावणीतून एका हवालदाराची बायको, भानुमतीताई आल्या. ओल्या फरशीवर पडल्या होत्या. त्यांनी सुजलेलं मनगट ठेवलं ते नेमकं आंधळ्या ओळींवर. चित्र स्वच्छ आलं.

"हड्डी एकदम ठीक आहे, ताई. मुका मार असेल," विद्याधरजी म्हणाले.

"न्हाई भैया, हितंच कळ येतीया. पेला उचलवंना मला."

'बोटभर सरकवा हो हात!' मी जिवाच्या आकांतानं ओरडत होतो. पण मला तोंड कुठंय?

ताई जागच्या हलेनात. "बरं, एक और काढू," म्हणत विद्याधरजींनी हात बाजूला सरकवला. हाडातली चीर लख्ख दिसली.

त्यांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून पुन्हा पाहिली. मग पुटपुटले, "गेल्या साली पूजा घाईत झाली, म्हणून मशीन रुसली. उद्या यथासांग करू."

उद्या खंडेनवमी. माझ्या उशाशी आत्ताच नारळ आणून ठेवलाय, या वेळी चांगला मोठा. कुणीतरी त्यांना सांगा हो, फूल वाहा, हात जोडा, पण नारळ दाराबाहेर फोडा. आणखी ओळी गेल्या तर काय होईल? भानुमतीताई अडून बसल्या म्हणून वाचल्या. बाकीचे "ठीक आहे" ऐकून मुकाट घरी जातात.