कागदाच्या पाठीमागून

मी एक जुना ड्रॉइंग बोर्ड आहे. सध्या अमरावतीच्या एका स्वयंपाकघरात कणकेच्या कोठीवर झाकण म्हणून पडून आहे. माझ्यावर लोणच्याची बरणी आणि मिठाचा डबा ठेवलेला असतो. कोठीला झाकण लागतेच, आणि मी मापाने बरोबर बसतो.

मित्रांनो, पुढचे सांगण्याआधी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असायला हवी. माझ्यावर शेकडो चित्रे निघाली, पण त्यातले एकही मी पाहिलेले नाही. कागद लावला की माझे तोंड झाकले जाते, आणि काढला की त्याची पाठ तेवढी दिसते. मला चित्र कळते ते पेन्सिलीच्या दाबावरून. हात भीत असेल, घाईत असेल, खात्रीने चालत असेल, सगळे माझ्यापर्यंत पोहोचते. जोरात काढलेली रेघ कागदातून उतरून माझ्या लाकडात रुतते आणि तिथेच राहते.

मला अकोल्याच्या सूर्यभान मिस्त्रींनी घडवले. देवदाराच्या पाच पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून त्यांनी मागून सागाच्या दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या. अकोल्याच्या उन्हाने वाकू नये म्हणून ही काळजी होती. मग गिऱ्हाइकासमोर त्यांनी अंगठ्याचे नख माझ्यात दाबले. खूण उमटली.

"एवढा नरम?" गिऱ्हाईक म्हणाले.

"नरमच पायजे ना भाऊ. टाचणी घुसली पायजे. कडक पायजे असन तं पाट घेऊन जा जेवाले बसाचा."

ती नखाची खूण आजही माझ्या डाव्या कोपऱ्यात आहे.

गिऱ्हाइकाचा मुलगा अमोल अमरावतीला पॉलिटेक्निकमध्ये शिकत होता. तीन वर्षे त्याने माझ्यावर यंत्रांचे भाग काढले. सरळ, स्वच्छ, एकसारख्या दाबाच्या रेघा. त्याचे शिक्षक माझ्या कडेवर बोटाने टकटक करून "बोर्ड चांगला आहे रे तुझा" म्हणत, तेव्हा मला फार बरे वाटे. पुढे ही कामे संगणकावर होऊ लागली. अमोलने मला माळ्यावर टाकले. कित्येक वर्षांनी त्याच्या घरचे जुने सामान विकायला निघाले, तेव्हा महादेवरावांनी मला उचलून नेले.

महादेवराव चांदूर रेल्वेच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. निवृत्तीनंतर ते अमरावतीत घरच्या पुढच्या खोलीत मोठ्या माणसांना चित्रकला शिकवत. दारावर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती : 'चित्रकला शिका. वयाची अट नाही.'

ती पाटी वाचूनच माधवी मॅडम आत आल्या. कॉलेजात एकतीस वर्षे जीवशास्त्र शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. फळ्यावर त्यांनी काढलेल्या बेडकाचा विद्यार्थी फोटो काढून ठेवत, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. बढाई म्हणून नव्हे. पाया किती आहे ते शिकवणाऱ्याला कळावे म्हणून.

महादेवरावांनी टेबलावर चहाची किटली ठेवली आणि मला मॅडमपुढे टेकवून दिले. दहा मिनिटांत त्यांची किटली झाली. अशी ठाम रेघ मी अमोलनंतर पहिल्यांदाच अनुभवत होतो. पण रेघ थांबली नाही. किटलीपासून उजवीकडे पट्टीने चार आडव्या रेघा आल्या आणि त्यांच्या टोकाला अक्षरे उमटली : झाकण. कडी. तोटी. बूड.

शेजारी एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर खुशालराव बसत. ते मान लांब करून म्हणाले, "मॅडम, किटलीचं पोट फाडून आतडी बी दाखवता काय?"

सगळे हसले. मॅडमही हसल्या. "हात आपोआप गेला," त्या म्हणाल्या. "नामनिर्देशित आकृतीची सवय."

महादेवराव हसले नाहीत. त्यांनी विचारले, "मॅडम, ही किटलीच्या बाहेरून फिरवलेली काळी रेघ. किटलीवर ती कुठे आहे, मला दाखवा."

मॅडम उठून टेबलाजवळ गेल्या. किटली फिरवून पाहिली. "नाही आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"तुम्ही किटली काढली नाही. किटलीबद्दल तुम्हाला जे माहीत आहे, ते काढलं. आता जे दिसतं ते काढा."

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर त्यांनी महादेवरावांना विचारून मला घरी नेले; वर्गाच्या दिवशी मला परत सोबत आणायचे ठरले. स्कूटीवर पायांपाशी उभे राहून मी कित्येक वर्षांनी बाहेरचे अमरावती पाहिले.

घरी त्यांच्या आई होत्या, केशरबाई. वय त्र्याऐंशी. कागद लावण्याआधी मी त्यांना नीट पाहिले. लहानशा, काळ्यासावळ्या, आणि डोळे सतत कशाची तरी गंमत वाटल्यासारखे. नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून त्यांनी माधवी आणि संघपाल या दोघांना शिकवले होते. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हते. लेकीच्या वह्यापुस्तकांतले त्यांना एकच कळत असे, ते म्हणजे तिने काढलेल्या आकृत्या. पान उलटून त्या म्हणत, "हे बेंडूक. हे फूल. हे हिरदय." तेवढे लेकीचे शिक्षण त्यांना वाचता आले होते.

आणि आता त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लेकीकडे काही मागितले होते.

"जलमभर बेंडक्या काढल्या. आता रिटायर झाली ना? एकडाव मले काढ."

"माय, मोबाईलवर काढते ना फोटो. आत्ता काढते."

"फोटू तं आधार कार्डावर बी हाय. चोट्टीवाणी दिसते मी त्याच्यात. मशीन का पायते मले? तू पाह्य. पाहून काढ."

पहिले चित्र निघाले. कागद आईच्या हातात गेला.

"हे मी हाय?"

"हो."

"हे तं बेंडूक हाय, पोरी!"

मायलेकी खूप हसल्या. मॅडमचे हसू आधी संपले. कारण मला माहीत होते. आदल्या दिवशी मी त्यांच्या हातात होतो, तेव्हा त्या अकोल्याला संघपालशी फोनवर बोलत होत्या. डॉक्टरांनी मायचे हृदय फार थकल्याचे सांगितले होते. सहा महिने. फार तर वर्ष.

मित्रांनो, त्यानंतर मॅडमनी जशी मेहनत घेतली, तशी मी कोणाची पाहिली नाही. त्या प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात प्रात्यक्षिकाच्या वहीसारखा क्रमांक आणि तारीख लिहीत. चूक कुठे झाली ते मागच्या बाजूला नोंदवत. सहाव्या चित्रानंतर त्यांना कळले, की माणसाचे डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात. "एकतीस वर्षं शरीर शिकवलं मी, सर," त्या वर्गात म्हणाल्या, "आणि डोळे कपाळाला लावत होते."

हळूहळू त्यांचा हात बदलू लागला. आधी नांगरासारखी रुतणारी पेन्सिल मधेच थांबून वर बघू लागली. बाराव्या, पंधराव्या चित्रात कुठे कुठे एखादी रेघ अशी येई, की ती माहितीतून न येता डोळ्यांतून आलेली असे. मग हात पुन्हा घाबरे आणि दाब वाढे. त्यामुळे मी शपथेवर सांगू शकतो, की मोठ्या वयात चित्र शिकता येते. मी ते कागदाखालून अनुभवले आहे. पण ते झाडाच्या वाढीइतक्या सावकाश येते.

एका शनिवारी सगळे गेल्यावर त्या थांबल्या. "सर, खरं सांगा. चेहरा मला येईल?"

"येईल."

"कधी?"

महादेवराव ब्रश धूत होते. पाण्याचा आवाज थांबला. "रोज बसलात तर चार वर्षं. साडेतीन म्हणा."

"तुमच्या पाटीवर लिहिलंय, वयाची अट नाही."

"नाहीच आहे."

"शिकणाऱ्याच्या वयाची नाही सर," मॅडम म्हणाल्या. "समोर बसणाऱ्याच्या वयाची आहे."

महादेवरावांनी नळ पुन्हा सुरू केला. 

शिवाय तो चेहरा जागेवर राहत नव्हता. पाय सुजत, आणि सकाळी डोळ्यांखालीही सूज येई. गोळी घेतली की दुपारपर्यंत उतरे. पुढे केशरबाईंनी कवळी घालणे सोडले. ओठ आत गेले आणि नाक-हनुवटीतले अंतर कमी झाले. मॅडमनी महिनाभर घासून शिकलेली मापे एका दिवसात निकामी झाली. त्या पुन्हा पहिल्यापासून शिकू लागल्या. चेहरा पुन्हा पुढे गेला.

"अजून बेंडूकच हाय काय?" केशरबाई विचारत.

"आता जरा माणसावाणी आहे."

"पाहू. हाओ, हे माणूस हाय. पन मी नाही. हे तं खालच्या गल्लीतल्या कौशल्यासारखं हाय." मग लगेच, "कंटाळू नको वं. मी कुठी चालली?"

सदतीस चित्रे झाली.

अडतिसाव्या चित्राच्या दिवशी दुपारी केशरबाई खाटेवर झोपल्या होत्या. मॅडमनी मला मांडीवर घेतले. त्या दिवशी त्यांनी पट्टी घेतली नाही, मागच्या नोंदी काढल्या नाहीत. बराच वेळ काहीच झाले नाही. मग पेन्सिल कागदावर आली ती इतकी अलगद, की ती चालते आहे हे मला तिच्या खसखशीवरून कळले, दाबावरून नाही. ती खोडत नव्हती आणि घाबरतही नव्हती. अर्धा तास त्या फक्त पाहत होत्या, आणि त्यांचा हात त्या पाहण्याबरोबर चालत होता.

केशरबाई जाग्या झाल्या. "आन इकडं."

कागद निघाला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला. या वेळी बेंडूक म्हणाल्या नाहीत.

"माय? कसं आलं?"

"हे मी नाही."

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली.

"हे माही माय हाय," केशरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "अशीच झोपे ते. तोंड असंच." त्यांनी कागदावरून हात फिरवला. "कुठी होती वं माय तू एवढे दिवस?"

केशरबाईंनी आपले तोंड आरशात पाहणे कधीच सोडले होते. त्यांच्या मनात त्या अजून कापूस वेचणाऱ्या बाईच्या वयाच्या होत्या. म्हातारी म्हणून त्यांना त्यांची आईच ठाऊक होती. मॅडमना हे कळले, पण त्यांनी सांगितले नाही.

"मंग माहं राह्यलंच," केशरबाई म्हणाल्या. "माहं उद्या काढ." आणि तो कागद त्यांनी उशाखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. चौथ्या दिवशी त्या गेल्या.

अडतिसावे चित्र मॅडमनी अंत्ययात्रेत त्यांच्यासोबतच दिले. संघपालने कागद पाहून विचारले, "हे कोण हाय, ताई?"

"तिची माय आहे. तिच्यासंगं जाऊ दे."

त्यांच्या श्रद्धांजलीसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फ्लेक्स लागला, त्यावर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घातला होता. दुसरा नव्हताच. चित्र निघणार म्हणून कोणी फोटो काढला नव्हता.

महिनाभराने महादेवराव भेटायला आले. सदतीस कागद त्यांनी एकेक करून पाहिले. "हात वळत होता, मॅडम. आता सोडू नका. तीन वर्षांत…"

"मला चित्रकला शिकायची नव्हती, सर. मला माय काढायची होती."

मी महादेवरावांचा होतो, पण मला परत न्यायचे त्यांना सुचले नाही, की त्यांनी मुद्दाम ठेवले, हे मला कळले नाही.

त्यानंतर एका सकाळी मॅडमनी मला टेबलावर उताणे ठेवले. माझ्यावर कोरा पातळ कागद पसरला आणि पेन्सिल आडवी धरून तो भरभर घासू लागल्या. त्या काय करत होत्या ते मी ओळखले. लाकडात रुतलेली रेघ अशी घासली की कागदावर पांढरी उमटते. त्या अडतिसावे शोधत होत्या.

सगळे वर आले. अमोलची चक्रे आणि दाते आले. किटली आली, झाकण, कडी, तोटी, बूड आले. सूर्यभान मिस्त्रींचे नख आले. सदतीस चेहरे एकमेकांवर चढून आले, कपाळाला डोळे लागलेले, बेडकासारखे, शेजारणीसारखे. त्यांनी दुसरा कागद घेतला. मग तिसरा. दुपार झाली तरी त्या घासत होत्या.

मला ओरडून सांगावेसे वाटत होते, की बाई, ते माझ्यावर नाही. तुमच्या चुका मी सगळ्या जपल्या, कारण त्या तुम्ही जोर लावून केल्या. एकदाच तुम्हाला खरे दिसले, आणि तेव्हा तुमचा हात इतका हलका होता, की कागदाच्या खाली काहीच उतरले नाही.

त्या विज्ञानाच्या बाई आहेत. त्यांना ते माझ्या आधी कळले असावे. त्यांनी पेन्सिल ठेवली, कागद गोळा केले आणि मला कोठीवर नेऊन ठेवले.

मित्रांनो, माझ्यावरची बरणी उचलून कोणी मला पुन्हा चित्राला घ्यावे, अशी माझी इच्छा नाही. तुमच्या घरी कोणी "मला काढ" म्हणाले, तर एवढे करा. शिकून मग काढतो म्हणू नका. हातात असेल ती पेन्सिल घ्या आणि त्याच दिवशी त्यांच्यासमोर बसा. बेंडूक आले तरी चालेल. तो कागद मात्र ठेवा. आणि सोबत एक फोटोही काढून ठेवा.

मॅडम रोज सकाळी कणकेसाठी मला बाजूला सरकवतात, तेव्हा त्यांची बोटे माझ्यावरून जातात. सुरुवातीला ती रुतलेल्या रेघांवर थांबत; आता थांबत नाहीत.