दर रविवारचा बिघाड

शनिवारी संध्याकाळी विहारातली वंदना आटोपून सिद्धोधन घरी आले, चप्पल काढली, हातपाय धुतले आणि कम्प्युटरच्या टेबलाखाली शिरले. सत्तरीला टेकलेल्या माणसाला शोभेल असं हे काम नव्हे. आधी एक गुडघा टेकवायचा, मग दुसरा, डोकं आपटू नये म्हणून मान आत ओढायची आणि धुळीत चाचपडत कम्प्युटरच्या डब्याच्या पाठीमागची जाड वायर शोधायची. वर कम्प्युटर चांगला चालू होता. त्यांनी वायर धरली आणि खस्सकन ओढली. डब्यातला पंखा घरघरत थांबला. घरात तेवढा एकच आवाज होता, तोही गेला.

मग तसेच मागं सरकत, टेबलाचा पाय धरून, धापा टाकत ते बाहेर आले. पूर्णा जंक्शनला सगळी हयात त्यांनी रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन म्हणून काढली होती. भर उन्हात खडीवरून पळाले तेव्हाही एवढी धाप लागली नव्हती. पण उद्या रविवार होता आणि रविवारची तयारी झाली होती, त्यामुळे गडी खुशीत होता.

हे काय खूळ, असं कुणी विचारलं असतं तर सिद्धोधनांनी त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं. खुळाची सुरुवात मात्र इमानदारीची होती.

कम्प्युटर त्यांच्या लेकीचा, संघप्रियाचा. नांदेडला इंजिनिअरिंग करताना तिनं घेतलेला. पुढं तिला बंगळुरूला नोकरी लागली, लग्न झालं, नवा लॅपटॉप आला आणि हा जुना डबा पूर्णेच्या घरी राहिला. तिची आई होती तोवर त्यावर झाकण म्हणून एक ओढणी असायची. आई गेली, ओढणी कुठं गेली ते कळलं नाही, आणि एकट्या घरात वेळ जाईना म्हणून सिद्धोधननी डबा चालू केला. त्यावर ते गाड्या बघत. म्हणजे कोणती गाडी कुठं आहे, किती लेट आहे, ते. स्टेशन हाकेच्या अंतरावर, गाडीची शिटी घरात ऐकू येते. तरी परभणी सोडलेली गाडी पडद्यावर बघायची आणि मग तिची शिटी ऐकायची, यात त्यांना ड्यूटीवर असल्यासारखं वाटे.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी वारं सुटलं आणि लाईट गेली. कम्प्युटर चालू होता तो फटकन बंद पडला. दुसऱ्या दिवशी लावला तर पडद्यावर काळोख आणि त्यात पांढरी इंग्रजी अक्षरं. सिद्धोधनना वाटलं, संपला कारभार. त्यांनी घाबरून लेकीला फोन केला. अक्षरं वाचून दाखवली.

"काही न्हाई बाबा," संघप्रिया म्हणाली. "मधीच लाईट गेली ना, म्हणून ते स्वतःची डिस्क तपासायलंय. नीट बंद झालं नव्हतं तर आत काही सांडलं-लवंडलं का, ते बघतंय. होऊ द्या."

पण तपासणी झाली, आणि पुढच्या वेळी चालू केलं तर पुन्हा तीच. डिस्कवर कुठंतरी 'तपासा' अशी खूण राहिली होती, ती पुसली जाईना. मग रविवारी सुट्टी गाठून ती बसली. तिनं फोनवर सांगितलं तसं सिद्धोधननी एक प्रोग्राम उघडला, त्यावरचा नंबर वाचून दाखवला. आणि पडद्यावरचा बाण आपोआप चालू लागला.

सिद्धोधन खुर्चीतून उठूनच उभे राहिले.

"बाबा, घाबरू नका, मीच हाय. इथून चालवायले."

बाण इकडं गेला, तिकडं गेला, एक खिडकी उघडली, दुसरी मिटली. सिद्धोधन बघत राहिले. तिची घाई, मधेच थांबून विचार करायची खोड, नको ते पटकन मिटवून टाकायची सवय, सगळं त्या बाणात होतं. त्यांनी हळूच खुर्ची बाजूला सरकवली, तिला बसायला जागा व्हावी म्हणून. मग स्वतःच्याच शहाणपणावर हसले, पण खुर्ची परत आणली नाही.

एरवी आठवड्यात तिचा फोन येई तो चालता चालता. जेवलात का, गोळी घेतली का, बरं ठेवते. त्यात तिची काही चूक नव्हती. बापलेकीला नुसतं बोलायची सवयच नव्हती. बोलायचं खातं आईकडं होतं. पण त्या रविवारी तिचे हात कामात गुंतलेले होते आणि तोंड मोकळं होतं.

"आता काय करायलीस?"

"डिस्कवर खराब जागा हाय का बघायले."

"सापडली का?"

"अजून न्हाई." मग आपसूकच, "बाबा, माझी पाठ लय दुखायली सध्या. दिवसभर बसून."

"तुझ्या आईचीबी दुखायची."

"हो का? मला कधी म्हणली न्हाई."

असं ते दुपारपर्यंत चाललं. तिनं काय काय केलं देव जाणे, पण खूण पुसली गेली. पुढच्या रविवारी कम्प्युटर सरळ चालू झाला. सिद्धोधननी फोन करून तसं सांगितलं. ती म्हणाली, "अरे वा, बरं झालं," आणि कुठंतरी निघायच्या गडबडीत होती, तिनं ठेवून दिला. त्या दिवशी सिद्धोधननी झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. दुपारी जेवायला बसले आणि भाकरीकडं बघत बसून राहिले. रविवार एवढा लांब असतो हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात, शनिवारी, त्यांनी बोर्डावरचं बटण बंद केलं. कम्प्युटर चालू असताना.

रविवारी सकाळी काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली. तपासणी नको असेल तर कुठलंही बटण दाबा, असं त्यात लिहिलेलं असे. चुकून बोट लागू नये म्हणून सिद्धोधन दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. मग फोन लावला.

"संघू, परत आलंय गं ते."

तेव्हापासून ते दर रविवारी येऊ लागलं. संघप्रियानं डिस्कची नाडी बघितली, ठणठणीत निघाली. डब्याच्या आतली एक केबल काढून परत घट्ट बसवायला लावली. झटपट चालू व्हायची सोय बंद केली. "बाबा, नीट बंद करता ना? मेन्यूतून?" असं तिनं विचारलं, तर सिद्धोधन म्हणाले, "मग! तू शिकवलं तसंच." एकदा तिला नोंदीत दिसलं, की शनिवारी संध्याकाळी तो अचानक बंद पडलाय. "लाईट गेली असंल," सिद्धोधन म्हणाले. पूर्णेत वाढलेल्या मुलीला हे पटायला कितीसा वेळ लागणार? तिनं लाईटवाल्यांच्या नावानं चार शब्द ओवाळले आणि कामाला लागली. तोपर्यंत सिद्धोधनना कळलं होतं, की सुगतचा, म्हणजे जावयाचा, स्वभाव शांत आहे, पण त्याला भाजीत दाण्याचं कूट चालत नाही. की संघूला ऑफिसात एक बाई छळते. की तिला अलीकडं नीट झोप लागत नाही. आईला सांगितलं असतं ते सगळं ती आता डिस्क तपासता तपासता सांगत होती.

खोट्याची टोचणी होतीच. विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना 'मुसावादा वेरमणी' आलं, की सिद्धोधनांचा आवाज जरा खाली येई. खोटं बोलणार नाही असं वचन द्यायचं आणि घरी येऊन वायर ओढायची, हे काही सरळ काम नव्हतं. पण रविवार आला की टोचणी मावळे.

संकटंही आली. स्टेशन रोडला कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेल्या धम्मपालला कुठूनतरी वास लागला. तो दारात येऊन उभा राहिला. "काका, मला का न्हाई सांगितलं? आणा इकडं, दोन मिनिटांचं काम हाय."

"राहू दे."

"अहो, पैसे न्हाई घेत."

"राहू दे म्हणलं ना! माझी संघू बघायली." हे इतक्या जोरात निघालं, की धम्मपाल दोन पावलं मागं सरला. दुरुस्ती करू नये म्हणून भांडणारं गिऱ्हाईक त्यानं पहिल्यांदाच बघितलं असेल.

दुसरं संकट लेकीनंच पाठवलं. लाईट गेली तरी कम्प्युटर चालू ठेवणारी बॅटरीची पेटी कुरिअरनं आली. आता बोर्डावरचं बटण बंद केलं, की पेटी कुईकुई ओरडे आणि कम्प्युटर मजेत चालू राही. म्हणून तर सिद्धोधनना टेबलाखाली शिरून वायर ओढायची वेळ आली.

तर त्या शनिवारी वायर ओढली आणि रविवारी फोन लावला. पण संघप्रियाचा आवाज आज नेहमीचा नव्हता. त्रासलेला होता.

"बॅटरी लावूनबी तेच? थांबा बाबा. आज याचा निकालच लावते."

बाण चालू लागला. आज तो कुठं थांबत नव्हता. एक काळी चौकट उघडली, तीत एक ओळ टाइप झाली, चौकट मिटली.

"झालं."

"काय झालं?"

"तपासायचंच न्हाई, असं सांगून टाकलं त्याला. आता काहीबी होऊ दे, ते तपासत बसणार न्हाई. थेट चालू होणार."

सिद्धोधन खुर्चीत पुढं सरकले. "पण आतून बिघडलेलं असलं तर?"

"असू द्या. आपल्याला दिसणार न्हाई. जुनं झालंय ते बाबा, महत्त्वाचं काही हाय का त्याच्यात?"

"न्हाई," सिद्धोधन म्हणाले.

"मला आधीच सुचायला पाहिजे होतं. उगं तुमचे इतके रविवार खाल्ले मी."

खाल्ले कुठं गं, असं त्यांच्या ओठावर आलं होतं. पण तोवर बाण थांबला होता आणि फोनही.

तो आठवडा त्यांनी कसाबसा ढकलला. शनिवारी पुन्हा टेबलाखाली शिरले. म्हटलं, मशीनच आहे, विसरलं तर विसरलं. रविवारी सकाळी कम्प्युटर थेट चालू झाला. त्यांनी वायर ओढून पुन्हा लावला. पुन्हा थेट. गरीब गाईसारखा निमूट चालू होत होता, वाटेल तेवढे हाल करा. सिद्धोधन जमिनीवरच बसले. गुडघ्यावर धूळ, हातात वायर. आपल्याला कुणी विचारणारं नाही, हे त्यांना संघूच्या आईच्या जाण्यानंतर इतकं उघडं कधी दिसलं नव्हतं.

परत आलंय म्हणून सांगता आलं असतं. जोडून बघितल्यावर तिला कळलं असतं, पण तेवढा वेळ तरी ती आली असती. ते उठले, फोन घेतला, लावला.

"काय झालं बाबा? परत आलं का ते?"

होय जिभेवर होतं. "न्हाई," ते म्हणाले. "चांगला चालायलाय."

"मग?"

"मग काही न्हाई."

"तब्येत?"

"बरी हाय."

"गोळी घेतली?"

"घेतली."

विचारायचं सगळं विचारून झालं होतं.

"बरं मग, ठेवू का बाबा? कुकर लावायचाय."

"ठेवू नको."

असं ते आजवर कुणाला म्हणाले नव्हते. बायकोलाही नाही. पलीकडं संघप्रिया घाबरली. "काय झालं? खरं सांगा. छातीत दुखायलंय का?"

"काही झालं न्हाई गं. तेच सांगायलाव. काही झालं न्हाई तरीबी ठेवू नको." त्यांनी श्वास घेतला आणि उरलेलंही बोलून टाकलं. "लाईट गेलीच न्हवती, संघू. वायर मीच ओढत होतो. दर शनिवारी. ते बिघडलं, की तू घरात येऊन बसतीस. मला एकट्याला लय करमत न्हाई."

फोन कट झाला की काय म्हणून त्यांनी त्याच्या पडद्याकडं बघितलं. चालू होता. ती रागावेल, इतके रविवार फुकट घालवले म्हणेल, म्हणून ते वाट बघत राहिले. तिला रागवायचा हक्क होता.

मग फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. नळ सुटला. भांड्याला भांडं लागलं. कुकरचं झाकण बसेना म्हणून ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटली. सिद्धोधन खुर्चीत बसून ऐकत राहिले.

थोड्या वेळानं तिकडं लांबून सुगतचा आवाज आला. "अगं, आवर की. निघायचंय ना आपल्याला? कुणाचा फोन हाय?"

"बाबांचा," संघप्रिया म्हणाली. तिचा आवाज नाक चोंदल्यासारखा होता. "कम्प्युटर बिघडलाय त्यांचा."

"परत?"

"परत. लय बिघडलाय. आज काय निघणं व्हायचं न्हाई, बसावं लागंल मला."

सिद्धोधनना रडू आलं. तिला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी फोन तोंडापासून लांब धरला. पण फार लांब नाही, तिकडचं ऐकू यायला हवं होतं.