कपात बसलेला दोरा

मी एक जुना, कान तुटलेला कप आहे. पूर्वी चहाचा होतो, आता दोऱ्याचा आहे. हसू नका मित्रांनो, ही माझी बढती आहे आणि ती कशी मिळाली तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म भट्टीतला. आम्ही सहा भाऊ एकाच खोक्यातून या घरात आलो. अंगावर निळी रेघ, कड पातळ. पाहुणे आले की आम्हालाच बाहेर काढत. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू? एकदा घरातल्या मुलाने मला घाईघाईत विसळलं, मी नळावर आपटलो आणि माझा कान गेला. ऐकू मात्र सगळं येत राहिलं! मला कचऱ्यात टाकणारच होते, पण त्या मुलाची आई म्हणाली, "राहू दे रे, माझी बटणं ठेवायला होईल."

ही आई म्हणजे गल्लीची शिवणमावशी. खिडकीजवळ तिचं पायाचं शिलाई मशीन होतं. त्याच्या फळीवर मी बटणं आणि खडूचे तुकडे पोटात घेऊन बसू लागलो. भाऊ कपाटात मिरवत होते, आणि मी इथे बटणं सांभाळत होतो. सुरुवातीला फार वाईट वाटलं.

पण मावशींचं काम पाहता पाहता माझी कुरकुर थांबली. दुकानातले तयार कपडे ज्यांना बसत नाहीत, ती माणसं त्यांच्याकडे येत. पोस्टमनकाकांचंच बघा. उभा जन्म पत्रांची पिशवी वाहून त्यांचा डावा खांदा खाली आला होता. मावशी त्यांच्या शर्टाला त्या खांद्याखाली आतून कापडाची पातळ गादी शिवून देत. मग काका आरशासमोर ताठ उभे राहत आणि म्हणत, "मावशी, तुमच्या शर्टात मी साहेब दिसतो हो!"

वर्षं गेली. मुलाचं लग्न झालं, सून आली. सकाळी शाळेत शिकवून ती दुपारी घरी यायची. शिवण तिला मावशींनीच शिकवली. मावशींची साठी उलटली, रिळं आणायला जिने उतरणं जड जाऊ लागलं. म्हणून मुलाने मोठ्या बाजारातून दोऱ्याचे भलेमोठे, शंकूच्या आकाराचे कोन आणले. "घे आई, आता दोऱ्यासाठी खाली उतरायला नको."

आणि दुसऱ्याच दिवसापासून दोरा तुटू लागला.

मशीनवरची खुंटी लहान रिळासाठी केलेली, बारीक. लहान रीळ तिच्यावर गरगर फिरतं आणि दोरा देत राहतं. हा कोन मात्र पोटाने मोठा आणि भोकाने रुंद. तो खुंटीवर तिरपा बसे, डुगडुगे, मध्येच मागे कलंडे. दोरा बुंध्याशी अडके, ताणला जाई आणि टक्! शिवण चुण्यांनी भरून जाई.

मावशी आपल्या हातांकडे बघत. हल्ली चहा पिताना त्यांचा हात थोडा थरथरायचा, माझ्या भावांना ते ठाऊक होतं. कोनाकडे त्यांनी एकदाही संशयाने पाहिलं नाही. पोराने प्रेमाने आणलेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची?

दुपारी त्या आडव्या झाल्या की सून हळूच यायची, चुण्यांची शिवण उसवून पुन्हा घालायची. दोरा तिच्याकडूनही तुटायचा. "मला मेलीला अजून धड शिवताही येत नाही," असं ती पुटपुटायची. संध्याकाळी मावशी ती शिवण पाहत. सुनेचा टाका त्यांना चांगला ओळखू यायचा. त्या काहीच बोलत नसत. मला दोघींचं गुपित माहीत होतं, पण मी पडलो कप. तोंड असून उपयोग काय?

मग पोस्टमनकाका कापड घेऊन आले. "निवृत्तीचा समारंभ आहे, मावशी. सगळे फोटो काढणार. शेवटचा शर्ट तुमच्याच हातचा हवा."

नेमका खांद्यावरच दोरा पुन्हा पुन्हा तुटला. उसवून उसवून कापडावर सुईची भोकं दिसायला लागली. मावशींनी सगळे तुकडे घडी करून पिशवीत भरले. "हे काकांना परत दे," त्या सुनेला म्हणाल्या. "म्हणावं, दुसरीकडून शिवून घ्या. माझे हात गेले आता." आणि त्यांनी मशीनवर कापड झाकायला घेतलं.

सून पिशवी घेऊन दारापर्यंत गेली आणि परत फिरली. "आई, तुमचे हात नाही गेले! दोरा माझ्याकडूनही तुटतो. रोज तुटतो."

"तुझ्याकडून? तुझे हात तर तरणे आहेत."

"मला वाटलं, मलाच येत नाही."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस गं?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. आणि तुम्ही तरी कुठे बोललात?"

मावशींनी पदराने डोळे पुसले आणि पुसता पुसता हसल्या. मग दोघी कामाला लागल्या. खणात एक जुनं लहान रीळ उरलं होतं. ते लावलं, तर मशीन सुरळीत! कोन लावला, की टक्! चोर सापडला. खुंटी जाड करायला तिच्यावर पेनाची नळी चढवून पाहिली. कोन नीट बसला, पण इतका जड की फिरेचना.

"आई, याला फिरवायचंच कशाला?" सून म्हणाली. "नुसता उभा राहू दे. दोरा वरून निघेल."

नुसता ठेवला तर दोऱ्याच्या ओढीने तो आडवा होऊन घरंगळला. त्याला धरून ठेवणारं, जड, उघड्या तोंडाचं काहीतरी हवं होतं. दोघींची नजर माझ्यावर पडली. बटणं बशीत गेली, कोनाचा बुंधा माझ्या पोटात बसला. मला मशीनच्या मागे ठेवलं. दोरा सरळ वर खिडकीच्या पडद्याला लावलेल्या पिनेतून गेला आणि खाली मशीनमध्ये आला. मावशींनी पाय चालवला. दोरा गोल गोल उलगडत वर जात राहिला. आवाज फक्त मशीनचा. खांद्याची शिवण एका दमात पुरी झाली आणि भोकं वरून लावलेल्या पट्टीखाली झाकली गेली.

मुलाला कळल्यावर तो ओशाळला. "म्हणजे मी आणलेल्या दोऱ्यानेच घोळ घातला होय!"

"दोरा चांगलाच आहे रे," मावशी म्हणाल्या. "त्याला बसायला जागा नव्हती."

काका समारंभाला ताठ उभे राहिले. त्यांचा फोटो मी पाहिला आहे.

मावशींचा हात अजूनही थरथरतो. सुईत दोरा आता सून ओवते, मशीन मावशी चालवतात. रेशमी दोरा घसरून माझ्या तळाशी गुंतायचा; तो एकदम सुटू नये म्हणून दोघींनी मिळून कोनावर एक जुना मोजा चढवला.

मित्रांनो, मशीनला वेळेवर तेल द्या, कान तुटलेल्या कपाला लगेच टाकू नका. आणि तुमच्या घरात कोणी आवडतं काम बाजूला ठेवून "आता मला जमत नाही" म्हणालं, तर त्यांच्या पाठीमागे ते काम गुपचूप नीट करू नका. शेजारी बसा आणि विचारा, नेमकं कुठे अडतंय?